कार्ले ते तळेगाव : दानाची एक वाट

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल कामशेत मागे टाकून मळवलीला थांबते, तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांना डोंगर सामोरे येतात. उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आईचे देऊळ, तर दक्षिणेच्या डोंगरात भाज्याची लेणी. गेली पंचवीस वर्षे मावळात वैद्यकीय व्यवसाय करीत असल्यामुळे या दोन्ही डोंगरांशी माझा चांगला परिचय आहे. वाचकहो, आज आपल्याला या वाटेने नेण्याचा हेतू केवळ सृष्टिसौंदर्य दाखविण्याचा नाही. या वाटेवर दानाच्या फार जुन्या खुणा आहेत. आणि हीच वाट पुढे तळेगावात अशा एका दालनापाशी पोहोचते, जिथे आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या दानावर उद्याचे डॉक्टर घडत असतात.

प्रथम चढणीविषयी दोन शब्द. कार्ल्याला पायथ्यापासून सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. वाहन वरच्या तळापर्यंत नेल्यास त्यांतल्या बऱ्याच वाचतात. सकाळी लवकर निघावे, रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि रिकाम्या पोटी चढू नये. गुडघा किंवा खुबा दुखत असेल, तर काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. काठी विरुद्ध हातात का, याचे उत्तर पुढे येईल.

नावे कोरलेली लेणी

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. आत सदतीस खांब आहेत आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही शाबूत आहेत. बहुतेक प्रवासी खांबांवरचे हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली युगुले पाहून परततात. आपण मात्र खांबांवर आणि भिंतींवर कोरलेली ब्राह्मी अक्षरेही पाहावीत. ती दात्यांची नावे आहेत. हे अवघे लेणे कुणा एका राजाने कोरविलेले नाही. कुणी खांब दिला, कुणी दार दिले. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव येथे आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आहे. ज्यांनी स्वतःला यवन म्हणवून घेतले, अशा परदेशी दात्यांचीही आहेत. दार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नावदेखील कुणी विसरले नाही.

यांतील एका खांबाचा लेख डॉक्टर म्हणून मला फार जवळचा वाटतो. सोपाऱ्याहून, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याहून, आलेल्या सातिमित नावाच्या धर्मग्रंथ म्हणून दाखविणाऱ्या भिक्षूने तो खांब दिला. हे दान त्याने नुसत्या खांबाचे केलेले नाही. लेखातला शब्द सांगतो की हा खांब ‘सशरीर’ आहे, म्हणजे त्यात शरीराचे पवित्र अवशेष ठेवले होते.

समोरच्या डोंगरात भाज्याला जाल, तर तिथे चौदा स्तूपांचा एक समूह दिसेल. पाच स्तूप खडकाच्या छपराखाली आहेत आणि नऊ उघड्यावर. दिवंगत भिक्षूंची ती स्मारके होत. काहींवर स्थविरांची नावे अजून वाचता येतात. देह निष्प्राण झाला म्हणजे तो निरर्थक झाला, असे या डोंगरांत राहणाऱ्यांनी मानले नव्हते. त्याला त्यांनी जागा दिली आणि नावही दिले. ही गोष्ट मनात ठेवून आपण परतीची लोकल पकडू आणि तळेगावला उतरू.

तळेगावचे दालन

तळेगाव दाभाडे हे गावही दानावर उभे राहिलेले आहे. १९०८ मध्ये येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावा, ही त्यामागची कल्पना. एका माणसाचा पैसा क्षुल्लक; परंतु तो कामी लागला की त्यातून भट्टी पेटते.

याच तळेगावात १९९५ मध्ये महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च, अर्थात मायमर, हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. मावळातील कितीतरी कुटुंबे औषधोपचारांसाठी तिथे जातात. पण रुग्णालयाच्या दाराने आत जाणाऱ्याला महाविद्यालयाचे एक दालन सहसा दिसत नाही. ते म्हणजे शरीररचनाशास्त्र विभागाचे विच्छेदनगृह. असे दालन प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असते आणि एमबीबीएसचे पहिले वर्ष विद्यार्थी मुख्यतः तिथेच घडतो.

आपल्या मनात याविषयी भीती असेल, तर ती दूर करण्यासाठी आतले चित्र स्पष्ट सांगते. दात्याचा देह आला की मोठ्या धमनीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रव आत सोडतात, म्हणजे तो कुजत नाही. पुढे काही महिने टेबलाभोवती बसून विद्यार्थी त्वचा, स्नायू, धमन्या, मज्जातंतू आणि अवयव असे थरामागून थर उलगडत जातात. पोलीस प्रकरणात मृत्यूचे कारण शोधण्यासाठी जे शवविच्छेदन होते, त्याच्याशी याची गल्लत करू नये. ते काही तासांचे, कायद्याचे काम. हा काही महिन्यांचा अभ्यास.

आमच्या वेळी पहिले एमबीबीएस दीड वर्षाचे होते. पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनने डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि कातडीचा पहिला छेद घ्यायला टेबलाभोवतीच्या आम्हा कुणाचाच हात पुढे होईना. पुढे त्या हातांनी जे शिकून घेतले, त्यावर मी आजही दवाखाना चालवते. आपल्या कमरेवर इंजेक्शन देताना मी बाजूची वरची जागा निवडते. कारण कुल्ल्याच्या मधोमध जाणारी, अंगठ्याएवढी रुंद सायटिक नस मी तिथे पाहिली आहे. आणि काठी विरुद्ध हातात का? एक पाय उचलला की दुसऱ्या बाजूच्या खुब्याचा एक स्नायू कमरेचे हाड तोलून धरतो. दुखऱ्या खुब्यावर त्याची ओढ कमी पडावी, म्हणून काठीने पलीकडून आधार द्यायचा. पुस्तकातली ही ओळ मी परीक्षेपुरती पाठ केली असती; तो स्नायू बोटांत धरला होता, म्हणून ती आजही आठवते.

आता पडद्यावर बोट फिरवून शरीराचे थर उलगडणारी यंत्रे आली आहेत. ती उपयुक्त आहेत. परंतु पडद्यावरचे शरीर नेहमी एकच असते. खऱ्या देहांत मात्र कुणी दोघे सारखे नसतात. कुणाचे अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले असते, तर पित्ताशयाची धमनी कुणात भलत्याच ठिकाणाहून निघते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हा फरक माहीत नसेल, तर किंमत रुग्ण मोजतो. शिवाय दाते बहुधा वयस्कर असतात. चुन्यासारखी कडक झालेली रक्तवाहिनी बोटांखाली कुरकुरते, झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा पातळ झालेली असते, बायपास झालेल्या छातीच्या हाडात तारा सापडतात. उद्याच्या डॉक्टरचे बहुसंख्य रुग्ण वृद्ध असणार आहेत. म्हणून ‘आमच्या या जीर्ण, आजारी शरीराचा कुणाला काय उपयोग?’ असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी मला विचारतात, तेव्हा माझे उत्तर असते की जीर्ण शरीरच वृद्धत्व शिकविते.

न विचारता घेतलेले

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देहपरीक्षणाची रीत दिली आहे. देह मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून संथ प्रवाहात सात रात्री ठेवावा; मग वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे तिथे सांगितले आहे. शास्त्र वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे या दोहोंनी ज्ञान पुरे होते, हा सुश्रुताचा आग्रह. पुढे ही परंपरा आपल्याकडे खंडित झाली. युरोपात आंद्रेयास व्हेसालियस याने १५४३ मध्ये स्वतःच्या विच्छेदनावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कित्येक शतके प्रमाण मानलेल्या चुका उघड केल्या. भारतात आधुनिक पद्धतीचे विच्छेदन पुन्हा सुरू झाले ते १८३६ मध्ये, कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात. आणि त्यात अग्रभागी होते ते पंडित मधुसूदन गुप्त, आयुर्वेदाचे वैद्य.

परंतु या इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि ती आपल्यापासून लपविणे योग्य नव्हे. देह मिळत कुठून होते? १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी माणसे मारून त्यांची प्रेते शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला विकली. त्यानंतर इंग्लंडमध्ये १८३२ चा कायदा आला आणि कुणी मागणी न केलेली प्रेते अभ्यासाला मिळू लागली. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस देह वैद्यकीय संस्थांना देण्याची तरतूद केली. त्यामुळे खून-चोरीचा मार्ग बंद झाला, हे खरेच. तरीही याचा अर्थ असा, की पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले ते फलाटावर, पदपथावर वा रुग्णालयाच्या खाटेवर एकाकी मेलेल्या गरिबांच्या देहांवर. आमच्या टेबलावरचा देहही बेवारसच होता. हातांना घट्टे होते, म्हणजे कष्टकरी माणूस असावा. त्याचे नाव कुठे लिहिलेले नव्हते, आणि शिकण्यासाठी देह देशील का, असे त्याला कुणी विचारलेही नव्हते.

कार्ल्याच्या खांबांवरची नावे मला महत्त्वाची वाटतात ती याचसाठी. जे स्वखुशीने, विचारपूर्वक आणि आपल्या नावाने दिले जाते, ते दान. बेवारस माणसाकडून आपण घेतले. त्याने दिले नाही. त्याचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो. ज्यांना विचार करण्याची आणि होकार देण्याची संधी आहे, अशा आपल्यासारख्यांनी आपण होऊन पुढे यावे.

असे पुढे आलेले लोक आहेत. मराठवाड्यातील कडोळी गावात जन्मलेले नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला निवर्तले. त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार दिल्लीच्या एम्सला दिला गेला. त्याच वर्षी जानेवारीत ज्योती बसू यांचा देह कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला होता. राजकारणात दोन टोकांना उभे असलेल्या या दोघांचा या एका बाबतीत मतभेद नव्हता. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘शव हा आपला पहिला गुरू’ या आशयाचा पाठही समाविष्ट आहे. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी विद्यार्थी त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात.

लोणावळ्यातील एक घर

आता थोडे मागे, लोणावळ्याला जाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा माझे जुने रुग्ण होते. कंपवाताने हात थरथरत, पण विचार स्थिर. देहदानाचा अर्ज त्यांनी मागवून घेतला आणि मला घरी बोलावले. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, यांचं सगळं ऐकत आले. पण मग इंद्रायणीवर दहावं कशाचं करायचं? आणि माणसाला गती कशी मिळायची?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. मी त्यांना जे सांगितले तेच आपल्यालाही सांगते. असुरांच्या नाशासाठी स्वतःच्या अस्थी देणारे दधीची ऋषी आपल्याच पुराणांतले. ज्यांचा देह हाती लागत नाही, अशांसाठी दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून विधी करण्याची सोय आपल्या धर्मशास्त्रात पूर्वीपासून आहे. आपल्या गुरुजींना विचारा. आणि विधी करायचा की नाही, हेही ज्या-त्या घराने ठरवावे.

आजोबांनी अर्ज भरला. मग मुलाला म्हणाले, “त्या वेळी तुझ्या आईला सोसवणार नसेल, तर राहू दे. मी असेन तेव्हा माझी इच्छा; मी गेल्यावर तिचं मन.” त्यांचे हे वाक्य मी अनेक घरांत सांगितले आहे. दीड वर्षाने एका पहाटे ते झोपेतच गेले. महाविद्यालयाला फोन करायला मुलाला आजींनीच सांगितले. पुढे त्यांची सून, जिने तीन वर्षे त्यांचे सारे केले होते, मला म्हणाली, “केलं ते बरोबरच, पण अस्थी नाहीत, राख नाही. हात रिकामे वाटतात हो.” शुश्रूषा करणाऱ्यांनो, हे रितेपण खरे आहे आणि त्याची तयारी आधीपासून असावी. त्या घराने तेराव्या दिवशी सगळ्यांना बोलावून आजोबांच्या आठवणी सांगितल्या. आपल्या घराला जे रुचेल ते करावे, पण निरोपाचे काहीतरी अवश्य करावे.

आधी ठरविण्याच्या गोष्टी

देहदानाचा अर्ज हे एक इच्छापत्र आहे. मृत्यूनंतर ते अमलात आणणे जवळच्या नातेवाइकांच्या हाती असते. त्यांनी नकार दिल्यास महाविद्यालय देह घेत नाही. म्हणून कागदापेक्षा घरातला संवाद मोठा. याउलट, अर्ज भरलेला नसला तरी नातेवाईक स्वतःहून देह देऊ शकतात.

जवळचे महाविद्यालय निवडावे. लोणावळा ते तळेगाव हे अंतर सुमारे तीस किलोमीटर, पुण्यात बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या अन्य संस्थाही आहेत. आयुर्वेद महाविद्यालयांनाही देहांची गरज असते. प्रत्येक संस्थेचे नियम थोडे वेगळे असतात. रात्री-अपरात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा, वाहन कोण आणणार, अभ्यास संपल्यावर अवशेषांचे काय केले जाते, हे सारे निःसंकोच विचारून लिहून ठेवावे. पावसाळ्यातील रविवारी लोणावळ्याचा रस्ता पर्यटकांनी तुंबतो, याचीही आठवण ठेवावी. देह शक्यतो सहा-आठ तासांत पोहोचावा. उशीर होणार असेल, तर शीतपेटीची सोय करावी.

घरी मृत्यू झाल्यास नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नमुना ४अ मध्ये असते. यासाठी वृद्ध व्यक्तीला नियमितपणे तपासणारा एक डॉक्टर असणे इष्ट. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत एकवीस दिवसांच्या आत करावी.

नेत्रदान आणि देहदान दोन्ही करता येतात. नेत्रपेढीला लगेच कळवावे. डोळे सुमारे सहा तासांच्या आत काढले जातात. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. मेंदूमृत्यूनंतर अवयवदान झाले, तर तो देह विच्छेदनासाठी सामान्यतः घेतला जात नाही. अशा वेळी अवयवदानाला अग्रक्रम द्यावा. त्याने जिवंत माणसे वाचतात.

शेवटचे आणि महत्त्वाचे. काही वेळा महाविद्यालय देह नाकारते. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षय, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, गँग्रीन, मोठ्या शय्याव्रणा, पोलीस प्रकरण वा शवविच्छेदन झालेला देह, ही त्याची सर्वसाधारण कारणे. हा त्या व्यक्तीचा अपमान नव्हे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा आणि कायद्याचा तो प्रश्न आहे. म्हणून दुसरी व्यवस्थाही मनात ठरलेली असावी, म्हणजे दुःखाच्या त्या तासांत कुणाची धावपळ आणि कुणावर दोषारोप होणार नाहीत. पाठीवर शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलण्याची सवय मात्र आजच लावा. ती जिवंतपणीच्या सुखासाठी आवश्यक आहे.

देहदान करावेच, असा माझा हट्ट नाही. दहन, दफन वा दान यांपैकी जे आपल्या श्रद्धेला पटेल, ते आपण निवडावे. एवढेच सुचवते, की ही निवड आपली आपण करावी आणि ती घरात बोलून दाखवावी. या रविवारी मुले-सुना घरी असतील. जेवणे उरकली की विषय काढा. प्रथम थोडी शांतता पसरेल, कुणीतरी ‘हे काय भलतंच’ असेही म्हणेल. तरी बोलत राहा. आपण बोललात, तर पुढे केव्हातरी घरातील कुणाला आपल्या वतीने अंदाज बांधावा लागणार नाही. आणि कदाचित मावळातल्याच एखाद्या मुलीला तिचा पहिला गुरू लाभेल, ज्याने तिला स्वतःहून होकार दिलेला असेल.